डीह्युमिडिफायरचा सेन्सर खरंच गेला होता का? तुमचे अनुभव सांगा

रत्नागिरीत आमचं घर समुद्राला लागून. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते म्हणून तीन वर्षांपूर्वी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत जमवणारं मशीन, घेतला. यंदा श्रावणात पंखा रात्रभर फिरायचा आणि सकाळी टाकी कोरडी. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत "कार्ड (मशीन चालवणारं सर्किट) गेलंय" म्हणून साडेचार हजार सांगितले. मला ते पटेना.

पंखा चालू, गारवा करणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणजे मशीन कॉइलवरचा (ओल धरणाऱ्या गार नळ्यांवरचा) बर्फ वितळवत बसलंय. पण बर्फ तर नव्हताच! गार कॉइलला एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, लावलेला असतो. तापमान उतरलं की त्याचा विजेला होणारा रोध (तो किलोओहममध्ये मोजतात) वाढतो. आमचा २५ अंशांना १० किलोओहमचा. प्लग काढला, कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर लावला. खोलीत २८ अंश होते, म्हणजे आकडा नऊच्या आत हवा. तो ४०, ६१, ७५ असा नाचत होता. ६१ म्हणजे मशीनच्या लेखी कॉइल शून्याखाली दहा अंशांवर. वायर कनेक्टरपाशी चिमटीत धरून जरा हलवली की आकडा उडी मारायचा. आवरण सोललं तर तांब्यावर हिरवा थर. खाऱ्या हवेने पिनेपाशीच वायर खाल्ली होती. तेवढा तुकडा कापून नवी पिन बसवली, आकडा ८.८ वर थांबला. खात्रीसाठी सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, तर हळूहळू ३२ पर्यंत चढला. त्या रात्री टाकी भरली.

तुमच्याकडे काय निघालं? आकड्यांसकट लिहा.

डोंबिवली
ताई, आमच्याकडे उलटं. कॉइलवर बोटभर जाड बर्फ, तरी कॉम्प्रेसर थांबेना. सेन्सर चांगला होता, पण त्याची क्लिप निसटून तो हवेत लोंबत होता. खोलीचं तापमान मोजणाऱ्याला बर्फ कसा कळणार? हे कळलं फार उशिरा. त्याआधी मी स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडला आणि कॉइलला भोक पडून गॅस गेला. कृपा करून कुणी असं करू नका. बर्फ आपोआप वितळू द्या. नव्या बऱ्याच मशीनमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो पेट घेतो.

लीड्स, इंग्लंड
मी गॅरेजमधल्या मशीनचा सेन्सर दोनदा बदलला. दोन्ही वेळा पैसे वाया. हिवाळ्यात तिथे ८-९ अंश असतात, एवढ्या थंडीत कॉम्प्रेसरवाल्या मशीनच्या कॉइलवर बर्फ धरणारच. आता तिथे ओल शोषणारं चाक असलेलं मशीन ठेवलंय, ते थंडीतही काम करतं.

मुंबई
माझा सेन्सर खरंच गेला होता. मीटरवर काहीच येईना, आतून तुटलेला. लॅमिंग्टन रोडवरून दहा किलोओहमचा आणला, कारण दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना हाच चालतो." मशीन सुरू झालं, पण दर थोड्या वेळाने कॉम्प्रेसर बंद. आठवडाभर डोकं खाल्लं. शेवटी सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं तर मूळ सेन्सर पाच किलोओहमचा! दुप्पट रोधामुळे २८ अंश मशीनला जेमतेम १३ वाटत होते. गार कॉइल त्याला गोठल्यासारखीच दिसणार. जुना सेन्सर मुका झाला असेल तर त्याचा रोध मॅन्युअलमध्ये बघूनच नवा घ्या. २५ अंशांचा आकडा जुळला तरी बीटा (तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो तो आकडा) वेगळा असला की थंडीत पुन्हा फरक पडतो.

पणजी
आमच्याकडे सेन्सर, वायर, क्लिप, सगळं ठीक होतं. जाळीवर धुळीची गादी बसलेली, हवा जाईना म्हणून कॉइल गोठायची. नळाखाली धुतली, दहा मिनिटांचं काम.

रत्नागिरी
डोंबिवलीचे दादा, तुमचं वाचून आत्ताच पुन्हा झाकण उघडलं. आमची क्लिपही सैल होती. सेन्सर कॉइलच्या नळीला टेकवून पक्का बसवलाय.