96 भोकांची प्लेट: ड्रिलचा क्रम कसा लावू?

भोसरीचा_सेटर:
नमस्कार. एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं ड्रिलिंग-मिलिंगचं मशीन, चालवतो. सध्या 600 बाय 400 मिमीची प्लेट चालू आहे, 8.5 मिमीची 96 भोकं. ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणारं कॅम सॉफ्टवेअर नाही, म्हणून ड्रॉइंगच्या क्रमानेच प्रोग्राम लिहिला. टेबल नुसतं इकडून तिकडे धावतंय, एका प्लेटला 19 मीटर मोकळा प्रवास! फिरत्या सेल्समनचा प्रश्न (सगळी गावं एकेकदा घेऊन सगळ्यात छोट्या वाटेने परत यायचं) तो हाच, हे कळल्यावर पायथनमध्ये सगळे क्रम तपासायला घेतले. 12 भोकांचं उत्तर आलं, 15 ला लॅपटॉप रात्रभर चालूच. मग ‘सगळ्यात जवळचं भोक आधी’ केलं, 4.4 मीटरवर आलो. पण शेवटी कोपऱ्यांत सुटलेली भोकं गोळा करायला प्लेटभर पळापळ होते, ती बघवत नाही. आणखी कमी होईल का?

आकडेमोड:
12 भोकांचे वेगवेगळे फेरे 1,99,58,400. 15 चे 4,358 कोटींच्या वर, म्हणून अडकलास. हेल्ड-कार्पची 1962 ची पद्धत ‘कुठली भोकं झाली आणि आत्ता कुठे आहोत’ एवढंच लक्षात ठेवते, तरी 25 भोकांच्या आसपास मेमरी संपते. तू 2-ऑप्ट लाव. फेरीतल्या दोन उड्या तोड, समज क ते ख आणि ग ते घ. आता क ते ग, ख ते घ जोड आणि मधला तुकडा उलटा फिरव. अंतर घटलं तर ठेव, नाहीतर सोड. काहीच घटेनासं होईपर्यंत हे चालू दे.

जुना_टर्नर:
भाऊ, अंतर सरळ रेषेत मोजू नकोस. रॅपिडमध्ये, म्हणजे न कापता वेगाने सरकताना, एक्स आणि वाय एकदम पळतात. दोघांचा वेग सारखा असेल तर ज्याला जास्त जायचंय त्याचाच वेळ लागतो, म्हणून दोन फरकांतला मोठा घे. आणि प्लेट धरणाऱ्या क्लॅम्पवरून जाणाऱ्या भोकांच्या जोड्यांना झेड, म्हणजे ड्रिल, वर उचलायचा वेळ वाढवून धर, नाहीतर ड्रिल तुटेल.

भोसरीचा_सेटर:
काका, क्लॅम्पचं डोक्यातच नव्हतं, फार आभार. तुमच्या मापाने ‘जवळचं आधी’ 4.1 होतं, 2-ऑप्टनंतर 3.4. पण हेच सगळ्यात कमी, याची खात्री कशी करायची?

आकडेमोड:
2-ऑप्ट खात्री देत नाही. कॉन्कॉर्ड नावाचा प्रोग्राम देतो. चिपच्या कामातून आलेला 85,900 बिंदूंचा प्रश्न 2006 मध्ये त्याच्याच मदतीने सुटला. तुझी 96 भोकं तो चुटकीसरशी सोडवेल.

भोसरीचा_सेटर:
चालवला. 3.3 आलं. उजव्या वरच्या कोपऱ्यातली तीन भोकं मी जाताना घेत होतो, ती येताना घ्यायची होती. उद्या पहिल्या शिफ्टला हाच क्रम लावतो.