मदत हवी आहे: तटरक्षक दलाच्या हवाई तळावर काम करायचंय. आत्ता यांत्रिक म्हणून भरती व्हावं की पदवीनंतर अधिकारी म्हणून?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीची. हा प्रश्न माझ्या धाकट्या भावासाठी विचारतेय. तो २० वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याला तटरक्षक दलात जायचंय, तेही विमानांच्या कामावर. घरात महिनाभर याच विषयावरून वाद चाललेत. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही सल्ला देता येणार नाही.

आमचे बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, आहेत. २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ आलं तेव्हा ते समुद्रात होते. घरी आले ते ताट वाढलं तरी जेवायला बसेनात, आधी विमानाची गोष्ट सांगत राहिले. कोस्टगार्डचं डॉर्नियर बोटीवरून इतकं खालून गेलं होतं की त्याच्या पोटाखालचा रडारचा फुगा स्पष्ट दिसला, आणि वायरलेसवर एकच आवाज पुन्हा पुन्हा, जवळचं बंदर गाठा. भाऊ तेव्हा आठवी-नववीत होता. त्यानंतर मिरजोळ्याच्या विमानतळाच्या बाजूला सायकल नेणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम झाला. विमान कोण चालवतं हे त्याने फारसं कधी विचारलं नाही. ते दुरुस्त कोण करतं, हा त्याचा प्रश्न असायचा.

आता अडचण अशी. यांत्रिक पदाला, म्हणजे डिप्लोमावाल्यांच्या तांत्रिक पदाला, वयाची अट १८ ते २२, म्हणजे हातात दोनच वर्षं. दुसरीकडे बाबांचं म्हणणं, थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घे, तीन वर्षांत पदवी होईल, मग तांत्रिक शाखेतून असिस्टंट कमांडंटची परीक्षा दे. त्याची वयोमर्यादा २१ ते २५, त्यामुळे तेही बसतंय. बाबा म्हणतात, "आयुष्यभर दुसऱ्याचा हुकूम ऐकलाय मी, तू हुकूम देणारा हो." पगारातही फरक आहेच, यांत्रिकाचं मूळ वेतन २९,२०० आणि वर ६,२०० यांत्रिक वेतन, अधिकाऱ्याचं सुरुवातीलाच ५६,१००.

आईला यातलं काहीच नको आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला गेलेलं ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, चौघांपैकी एकच वाचला. चार महिन्यांनी, ५ जानेवारी २०२५ ला, पोरबंदरच्याच विमानतळावर दुसरं कोसळलं आणि तिघे गेले. आईने दोन्ही बातम्यांची कात्रणं देवघराच्या खणात ठेवली आहेत. विषय निघाला की ती काही बोलत नाही, फक्त खण उघडते.

मला जाणकारांकडून हे हवंय: यांत्रिक म्हणून गेलेल्या मुलाला हवाई तळावर खरोखर काही जबाबदारी मिळते का, की निवृत्तीपर्यंत दुसऱ्याला पाना-स्पॅनर देणारा हातच राहतो? आणि इथल्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीत सांगितलं की यांत्रिक झालास की विमानावरच नेमणूक पक्की. हे खरं आहे का? फी भरायच्या आधी कळलं तर बरं होईल.

हर्णैकर:
ताई, अकादमीचं बोलणं सोडून द्या. तुम्ही भरती होता तटरक्षक दलात, हवाई तळावर नाही. यांत्रिकांचं मूळ प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला होतं, मग समुद्रावरचं, मग ट्रेडचं, म्हणजे कामाच्या शाखेचं. कोणता ट्रेड मिळणार हे दलाची गरज, तुमची गुणवत्ता आणि प्रशिक्षणातली कामगिरी यावर ठरतं. मेकॅनिकलवाला जहाजाच्या इंजिनरूममध्येही जाऊ शकतो. भावाने हे मनाशी धरूनच अर्ज भरावा.

परीक्षेचं म्हणाल तर पहिला भाग ६० प्रश्न ४५ मिनिटांत, दुसरा त्याच्या शाखेचा ५० प्रश्न अर्ध्या तासात. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. धावणं १.६ किलोमीटर ७ मिनिटांत, २० उठाबशा, १० जोर. याला अकादमीची गरज नाही, भाट्याच्या किनाऱ्याची वाळू पुरे.

जुना_हँगरवाला:
ताई, मी यांत्रिक म्हणून लागलो आणि प्रधान सहायक इंजिनिअर होऊन निवृत्त झालो. बरीच वर्षं हवाई तळांवर काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळावर दोन शिड्या असतात. अधिकाऱ्यांची असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट अशी वर जाते. आमची यांत्रिक, उत्तम यांत्रिक, प्रधान यांत्रिक, मग सहायक इंजिनिअर, उत्तम सहायक इंजिनिअर आणि शेवटी प्रधान सहायक इंजिनिअर. दमणसारख्या मोठ्या तळावर डॉर्नियर विमानांची ७५० स्क्वाड्रन (तुकडी) आणि चेतक हेलिकॉप्टरची ८४१ स्क्वाड्रन, शिवाय धावपट्टी, हवाई नियंत्रण, अग्निशमन, भांडार असा सगळा पसारा. तळाचा कमांडिंग अधिकारी वेगळा, स्क्वाड्रनचा वेगळा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हुकूम वरून खाली येतो आणि खालचे ऐकतात. विमानाच्या बाबतीत मात्र खालून वर जाणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे सही. तपासणी केलेल्या माणसाची सही नोंदवहीत पडल्याशिवाय विमान हलत नाही, मग वैमानिक कितीही वरच्या हुद्द्याचा असो.

एक प्रसंग सांगतो, तळाचं नाव घेत नाही. रात्रीच्या पाळीत एका विमानाचं काम संपलं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, पाना नसला की ती आकृती उघडी दिसते. त्या रात्री दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती. पहाटे उड्डाण ठरलेलं. आमचे त्या वेळचे प्रधान सहायक इंजिनिअर बोलावले गेले. ते आले, कोणावर ओरडले नाहीत. त्यांनी पाळीतल्या सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले, सगळ्यात आधी स्वतःचे केले. मग टॉर्च घेऊन स्वतः विमानाच्या पोटाखाली आडवे झाले. एकेक पॅनेल उघडायला लावलं. साडेपाचच्या सुमाराला स्क्वाड्रनचे साहेब आले, विचारलं, "किती वेळ?" हे आडवेच होते. म्हणाले, "सापडेपर्यंत, सर." साहेब दोन मिनिटं उभे राहिले, "ठीक आहे" म्हणाले आणि उड्डाण पुढे ढकलायला गेले.

पाना सापडला सव्वासातला, इंजिनाखाली ठेवलेल्या तेलाच्या ट्रेमध्ये. ज्या पोराच्या हातून पडला होता तो रडायच्या बेतात होता. त्याला त्यांनी तोच पाना पुसायला लावला, फळीवर लावायला लावला आणि पुढच्या विमानाच्या हत्यारांची मोजणी त्याच्याच हाती दिली. तो पोरगा म्हणजे मी.

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे हेच उत्तर आहे. त्या पहाटे हँगरमध्ये हुद्द्याने सगळ्यात मोठा माणूस कोण होता आणि विमान कोणी थांबवलं, ते पाहा. "थांबा" म्हणणारा हवा आणि ते ऐकून घेणारा साहेबही हवा. चांगल्या तळावर दोघेही असतात.

तुमच्या बाबांचंही खोटं नाही. माणसं कुठे लावायची, पैसा आणि सुटे भाग कुठून आणायचे, कोणाला कोणत्या कोर्सला पाठवायचं, हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. तांत्रिक अधिकारी संध्याकाळी मीटिंगमध्ये असतो, आम्ही विमान गोड्या पाण्याने धूत असतो, कारण समुद्रावरून खाली उडून आलेल्या विमानावर मीठ बसतं आणि ते धातू खातं. ज्याला हात काळे केल्याशिवाय झोप येत नाही, त्याला अधिकारी होऊन चुकल्यासारखं वाटतं. तसे दोन-तीन अधिकारी मी पाहिलेत, कारण काढून हँगरमध्ये येऊन बसायचे.

आणखी एक. यांत्रिक झाल्यावर अधिकाऱ्याचा दरवाजा बंद होत नाही. सेवेत राहून पदवी घेतली तर अधिकारी भरतीला वरच्या वयात ५ वर्षांची सवलत असते. नोकरी करून अभ्यास सोपा नाही, माझा अर्ध्यावर सुटला. पण ज्यांनी जिद्दीने केला ते आज अधिकारी आहेत.

वहिनींना, म्हणजे तुमच्या आईला, काय सांगू? पोरबंदरला गेलेली माणसं आपलीच. त्यानंतर सगळ्या दलांची ध्रुव हेलिकॉप्टरं कित्येक महिने जमिनीवर ठेवली होती, एकेक भाग उघडून तपासला गेला. ते तपासणारे हात यांत्रिकांचेच. धोका नाही असं मी त्यांना सांगणार नाही.

दमणची_सून:
ताई, नवरा सेवेत आहे म्हणून घरची बाजू लिहिते. बदली दर काही वर्षांनी होते, मुलांची शाळा बदलते, सामान बांधायची सवय होते. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ मध्ये, पालघरच्या किनाऱ्याजवळ तराफ्यावर १३७ जण अडकले होते. चेतक फेऱ्या मारून त्यांना उचलून आणत होती, तेव्हा आम्ही बायका फोन जवळ घेऊन बसलो होतो. शेवटचा माणूस उतरल्याचं कळल्यावरच चूल पेटली. आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, संकोच नको.

(मूळ धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हँगरवाल्या काकांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. पान्याच्या जागेवर आले तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला. शेवटी म्हणाले, आमच्या बोटीवरही मशीनवाला नाही म्हणाला तर मालकालासुद्धा बोट सोडता येत नाही. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

भावाने ठरवलंय की जाहिरात आली की यांत्रिकाचा अर्ज भरायचा, आणि डिप्लोमाचा निकाल लागला की थेट दुसऱ्या वर्षाचाही. आधी जे मिळेल ते. जहाजावर पाठवलं तरी जाईन, असं आज पहिल्यांदा म्हणाला. अकादमीची फी भरत नाही आहोत, सकाळी भाट्याला पळायला जातोय. पहिल्या दिवशी १.६ किलोमीटरला ८ मिनिटं ४० सेकंद लागली.

काका, आईचा एक प्रश्न आहे. ती विचारतेय, त्या दिवशी पाना सापडलाच नसता तर विमान किती दिवस उभं राहिलं असतं? जमलं तर उत्तर द्या, ती वाट बघतेय.

जुना_हँगरवाला:
वहिनींना सांगा, सापडेपर्यंत. एकदा तीन दिवस उभं राहिलेलं मी पाहिलंय.