वृद्धाश्रमात स्वतःचं कुत्रं-मांजर आणू द्यावं का?

टिळकवाडीकर
मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर परदेशात आणि आईवडील वृद्धाश्रमात, हे बेळगाव-खानापूर-निपाणीकडे आता नवं राहिलेलं नाही. प्रवेशाच्या अर्जात साखर, रक्तदाब, पथ्य सगळं विचारतात. घरातल्या कुत्र्यामांजराचा रकाना मात्र नसतो. मग ते शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं, नाहीतर रस्त्यावर. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पाळलेलं जनावर टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. त्याला कोण भीक घालतो? माझं मत असं की रहिवाशाला त्याचं एक जनावर सोबत आणू द्यावं. विरोध जरूर करा, फक्त ‘घाण होते’ एवढ्यावर थांबू नका.

वॉर्डसिस्टर
घाणीचं मी बोलतच नाही, पडण्याचं बोलते. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात कुत्रं घोटाळलं की खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा. त्यात आपल्याकडचा पावसाळा. ओले पाय पुसायला दारात गोणपाट टाकतात, कुत्र्याच्या पायानं त्याची घडी होते, आणि वॉकरचा रबरी बूट नेमका तिथं अडकतो.
ऐंशीच्या घरातली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. प्रेमानं मांडीवर टाकलेला पंजासुद्धा ती सोलून काढतो. बऱ्याच लोकांना अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू, रक्त लवकर थांबत नाही. ज्यांना साखर आहे त्यांची जखम चिघळते. आणि रात्रपाळीला आया असतात एकदोन. पहाटे पाचला भर पावसात कुत्रं बाहेर न्यायचं कुणी?

जनावरांचा डॉक्टर
यातलं बरंचसं जनावर निवडतानाच टळतं. पिल्लू नकोच. तीन-चार वर्षांपुढचं, नसबंदी झालेलं, माणसांत वावरलेलं असावं. मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं आपल्या शेजारचं म्हणून कौतुक ठीक, पण ते पळण्यासाठी घडलेलं कुत्रं. बंद आवारात त्याचेही हाल आणि म्हाताऱ्यांचेही. नखं दर तीन-चार आठवड्यांनी कापायची, जंताचं औषध वजनाप्रमाणे दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस दरवर्षी. कुत्र्याला लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्यांदा तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, पुढं वर्षाला एकदा. उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही असलेल्या आवारात लेप्टोची लस टाळणं मूर्खपणाचं. दारात गोणपाटाऐवजी जमिनीला चिकटवलेली, उतरत्या कडेची रबरी चटई टाका. मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधा, ज्यांना कमी दिसतं त्यांना चाहूल लागते.
आता खरा धोका, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं: फिनेल. सकाळ-संध्याकाळ फरशी फिनेलनं पुसतात. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं. त्याच्या यकृताला फिनेलमधलं फिनॉल पचवता येत नाही. साधं साबणपाणी वापरा. लघवीवर थेट ब्लीचिंग पावडरही टाकू नका, त्यातून निघणारा वायू दमेकऱ्याला आणि जनावराला दोघांनाही घातक. आधी टिपून घ्या, पाण्यानं धुवा, मगच ब्लीच.

निपाणीकर
अहो डॉक्टर, घुंगरू बांधून मांजर शिस्तीत येतंय होय? मांजर कुणाच्या बापाचं ऐकत नसतंय. आज आपल्या मालकिणीच्या खोलीत, उद्या शेजारच्या आजोबांच्या पांघरुणात. त्या आजोबांना मांजराचं वावडं असलं तर त्यांनी जायचं कुठं? पैसे त्यांनी पण भरल्यात की.
आणि उद्या कोणी पिंजऱ्यासकट पोपट घेऊन आलं तर? आपला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेच निम्म्यांना माहीत नसतंय. बजरीगर, म्हणजे तो छोटा परदेशी पोपट, चालतंय, पण त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ म्हाताऱ्यांच्या छातीला बरी नव्हे. माझं म्हणणं साधं हाय: आठवड्यातनं एकदा तासभर शिकवलेलं कुत्रं आणा, खेळवा, परत न्या.

टिळकवाडीकर
पाहुणं कुत्रं म्हणजे दुसऱ्याचा नातू. तासभर बरं वाटतं, पण ते आपलं नसतं. वावड्याचा मुद्दा मात्र मान्य. जनावरवाल्यांच्या खोल्या एका टोकाला, वेगळ्या दाराच्या, आणि जेवणघर व स्वयंपाकघर पूर्ण बंद. मांजराची वाळूची पेटी रोज साफ झाली पाहिजे. टोक्सोप्लाझ्मा या मांजराच्या पोटातल्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडल्यावर रोग पसरवण्याइतकी पक्की व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज काढली तर धोका जवळपास उरत नाही. वाळू नसेल तर वखारीतला भुसा चालतो.

वॉर्डसिस्टर
रोज काढणार कोण, हेच तर विचारतेय. आणखी दोन गोष्टी. आजी-आजोबा गोळ्या तोंडातून काढून टाकतात, पलंगाखाली पडतात. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. विसरभोळे लोक कुत्र्याला दिवसभर बिस्किटं चारतात, ते वेगळंच. जेवण दिलंय हेच आठवत नाही.
दुसरं, बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना पडणाऱ्या जखमा. लस नसलेल्या कुत्र्यानं उघड्या जखमेवर नुसतं चाटलं तरी तो रेबीजच्या हिशेबानं तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गाचा संपर्क. म्हणजे लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन्ही.

जनावरांचा डॉक्टर
म्हणून बेडसोरवाल्यांच्या खोलीत प्रवेश नाही, यावर माझं दुमत नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका. जनावर हाताळणाऱ्या आयांना आधीच रेबीजची लस द्या, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. पुढं चावलं तर त्यांना ० आणि ३ अशा दोनच लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. सूचनांचा कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा, कारण फरशी पुसणारी बाई बहुधा दुसऱ्या भाषेची असते.

हिशेबनीस
सगळे जनावराच्या तब्येतीवर बोलताहेत, त्याच्या वारसावर कोणीच नाही. मालक आधी गेला किंवा अंथरुणाला खिळला, तर पुढं काय? मध्यम कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. प्रवेशाच्या दिवशीच बाहेरच्या दोघांची नावं आणि सह्या हव्यात: कळवल्यापासून १५ दिवसांत आम्ही घेऊन जाऊ. त्याखाली तीन महिन्यांचं खाणं, लस आणि एका आजारपणाचा खर्च निघेल एवढी अनामत. सह्या नाहीत तर जनावर नाही. भावना कितीही असो.

निपाणीकर
सही करतंय कोण? जी पोरं आईबापाला ठेवून जातात, ती कुत्र्यासाठी येणार?

हिशेबनीस
पोरांचीच सही कुठं मागितली? शेजारी, भाचा, गल्लीतला दूधवाला, कोणीही चालेल. ज्यानं आजवर सांभाळायला मदत केली तो.

वॉर्डसिस्टर
सह्या, अनामत, वेगळ्या खोल्या सगळं करा. पण दिवसपाळी आणि रात्रपाळीला जनावरांसाठी एकेक जादा माणूस, पगार जनावरवाल्यांच्या फीतून, हे लिहून मिळेपर्यंत माझा नकारच.