विषय: बोक्याचे कुंथणे म्हणजे बद्धकोष्ठच असे नव्हे

प्रेषक: सभासद, लंडन

सप्रेम नमस्कार.

मंडळातील काही सभासद वर्षातले सहा महिने मुंबईत असतात, म्हणून येथे विचारतो. माझी आई दादरला एकटी राहते आणि तिच्याजवळ पाच वर्षांचा एक बोका आहे, मन्या. कालपासून तो घडोघडी मातीच्या पेटीत जाऊन बसतो, कुंथतो आणि काहीच न करता बाहेर येतो. बद्धकोष्ठ झाले असावे असे समजून आई त्याला एरंडेल पाजणार आहे. अंगही गरम लागते, तर क्रोसिनची पाव गोळी द्यावी का, असे तिने विचारले आहे. कोणास अनुभव असल्यास कृपया कळवावे.

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम विलेपार्ले

नमस्कार.

आधी आईंना फोन करा, पत्र नंतर सावकाश वाचा. एरंडेल नको, क्रोसिन तर मुळीच नको, आणि मन्याला झाकणाच्या टोपलीत घालून टॅक्सीने आत्ताच पशुवैद्याकडे न्यावे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय दादरहून जवळ आहे.

घाईचे कारण असे, की बोक्याचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असतो आणि त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते. शरीराबाहेर जायचे विष रक्तात साठते, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते. लघवीसाठी कुंथणारे आणि शौचासाठी कुंथणारे मांजर दिसायला सारखेच दिसते. तो वारंवार तीच जागा चाटत असेल, ओरडत किंवा ओकत असेल आणि पेटीतली माती कोरडीच राहत असेल, तर लघवी अडली आहे असे धरून चालावे. पोट दाबून पाहू नये.

तापाविषयी सांगायचे तर निरोगी मांजराचे तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला ते एरवीही गरमच लागते. क्रोसिनमधल्या पॅरासिटामॉलचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, आणि आपल्याला किरकोळ वाटणारी मात्राही त्याचा जीव घेऊ शकते.

प्रेषक: सभासद, लंडन

ताई, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. लघवी पूर्ण अडलेली होती. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाइन चालले आणि मन्या काल घरी आला. आता आई प्रत्येक शिंकेला घाबरते. नेमके कशाकडे लक्ष द्यावे? शिवाय जिन्याखालचे एक पिल्लू घरात घ्यावे असे तिच्या मनात आहे.

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम विलेपार्ले

नमस्कार.

एखाद्या शिंकेला घाबरण्याचे कारण नाही. शिंकांबरोबर डोळ्यांतून चिकट पाणी येऊ लागले, तोंडात फोड आले आणि वास न आल्यामुळे त्याने अन्न सोडले, तर मात्र तो मांजरांचा फ्लू असू शकतो. मांजर दुखणे लपवते. माझ्या भाटीने उन्हाळ्यामुळे खाणे सोडले असेल असे म्हणत मी तीन दिवस घालवले होते, ते मला अजून लागते, कारण विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिले की यकृतात चरबी साचून नवेच दुखणे उभे राहते. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना विचारावे.

आईंनी रोज पेटीतले लघवीचे गोळे मोजावेत. मन्याला ही अडचण पुन्हा येऊ शकते, म्हणून त्याने भरपूर पाणी प्यावे आणि ओले अन्न खावे. दर महिन्याला त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि मग स्वतःचे वजन वजा करावे. पुढे वय झाल्यावर पाणी पिणे आणि लघवी वाढून वजन उतरू लागले, तर मूत्रपिंडे किंवा मधुमेह तपासून घ्यावा; भूक वाढूनही मांजर रोडावत असेल, तर थायरॉइड. तो गाढ झोपलेला असताना श्वास मोजावेत: मिनिटाला तीसहून अधिक भरत राहिले तर दाखवावे, आणि तोंड उघडून धापा टाकू लागला तर रात्र असली तरी निघावे.

पिल्लाची घाई मात्र करू नये. लस न दिलेल्या पिल्लांना होणाऱ्या पॅनल्युकोपेनियात उलट्या, जुलाब आणि ताप येऊन पिल्लू फार लवकर हातचे जाते, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. मन्याच्या लसी पूर्ण आहेत का, हे त्याच्या कार्डावर पाहावे. पिल्लाला आधी डॉक्टरांना दाखवून दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि अंगावर गोल टक्कल दिसले तर आईंनी त्याला उचलल्यावर हात धुवावेत. तो बुरशीचा गजकर्ण असू शकतो आणि माणसांनाही होतो.