चकचकीत लेबलला भुलू नका

कुणीतरी म्हटलंय, लेबल चकचकीत असेल तर जुन्या व्हिडिओ गेमचं कार्ट्रिज (कन्सोलमध्ये, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रात, खुपसायची गेमची डबी) बिनधास्त घ्यावं. मी तर तिथेच सावध होतो! तीस वर्षं वापरलेल्या वस्तूवर एक ओरखडा नाही, हे जरा अतीच; माल नकली असू शकतो. शक्य असेल तर स्क्रू काढून आतला बोर्ड बघा. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या अस्सल बोर्डावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. (दुकानदार उघडू देईल का, हा वेगळा विषय.)

आणि गेम सुरू झाला एवढ्यावर खूश होऊ नका. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ या गेमच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) टिकवायला बटणासारखा सेल असतो. सेव्ह करा, रीसेट दाबून धरून कन्सोल बंद करा, पुन्हा लावा. सेव्ह गायब झालं, तर बहुधा सेल मेलाय. तो बदलता येतो, तेव्हा सौदा मोडू नका, भाव पाडून घ्या.