शब्दचर्चा: 'वेल्फेअर डिपेन्डन्सी'ला मराठीत काय म्हणावे?

लेखणीबहाद्दर: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि सरकारी मदत यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'कल्याणकारी परावलंबन' चालेल का? 'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' आणि 'सेल्फ-रिलायन्स'साठीही सुचवा.

तळटीप: नको. 'कल्याण' म्हटले की आपल्याला समाजकल्याण खाते, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आठवतात. अमेरिकी बोलण्यात 'वेल्फेअर' म्हणजे उत्पन्न तपासून गरीब कुटुंबाला, बहुधा एकट्या आईला, दिलेली रोख रक्कम. म्हातारपणच्या पेन्शनला तिथे कुणी वेल्फेअर म्हणत नाही. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने पेन्शन आणि गरीब कुटुंबांची मदत अशा दोन वेगळ्या वाटा पाडल्या आणि पेन्शनमधून शेतमजूर व घरकामगार वगळले. कृष्णवर्णीय कामकरी स्त्रिया बहुतांशी याच दोन कामांत होत्या. म्हणून 'सरकारी रोख मदत' लिहा, पुढे नुसते 'मदत'.

'परावलंबी'ही जपून. या मदतीच्या जुन्या योजनेच्या, 'एड टू डिपेन्डन्ट चिल्ड्रन'च्या, नावातला 'डिपेन्डन्ट' मुलांना उद्देशून होता, आईला नव्हे. तिथे आयकराच्या अर्जातला 'अवलंबित' बसतो. टीकाकारांचा आरोप सांगतानाच 'परावलंबन' वापरा, नाहीतर आरोप तुमच्याच तोंडी जाईल.

कायदेकानू: या मदतीचे नियम बदलणाऱ्या १९९६च्या कायद्याच्या ('पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी अँड वर्क ऑपॉर्च्युनिटी रिकन्सिलिएशन ॲक्ट') नावात 'वैयक्तिक जबाबदारी' ठीक आहे. पण शेवटच्या 'रिकन्सिलिएशन'चा 'समेट' करू नका, ती अर्थसंकल्पी विधेयकाची संसदीय पद्धत आहे. दुसरा खड्डा: 'पाच वर्षे मदत मिळते.' चूक. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात मिळून ६० महिने, ही कमाल मर्यादा. राज्ये ती कमी ठेवू शकतात, आणि मदत घेणाऱ्या एकूण कुटुंबांपैकी २० टक्क्यांपर्यंत कुटुंबांना अडचणीमुळे सूट देऊ शकतात. मदत हक्काची राहिली नाही, हा खरा बदल. कामाची अट साधारण आठवड्याला ३० तासांची, सहा वर्षांखालील मूल असलेल्या एकट्या पालकाला २०. पगार वाढला की मदत घटते आणि पाळणाघराचा खर्च तसाच राहतो. हे न सांगता 'काम टाळतात' लिहिले तर वाक्य अर्धवट.

जुनाकोश: 'वेल्फेअर क्वीन', म्हणजे मदत लाटून चैन करणारी बाई असा टोमणा, त्याचे काय? १९७६च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात रेगन यांनी शिकागोच्या एका बाईचे उदाहरण गाजवले, ते या शब्दामागे आहे. 'ऐतखाऊ'त बाई आणि वर्ण दोन्ही गळतात, 'आयतोबा' तर पुल्लिंगीच. तसाच ठेवा, एकदा फोड करा.

मला या सगळ्यात 'मिंधेपणा' हवासा वाटतो. मदत घेणाऱ्या आईच्या घरात पुरुष दिसला की मदत बंद, म्हणून अधिकारी मध्यरात्रीही झडती घेत. अलाबामाचा तसा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये किंग विरुद्ध स्मिथ खटल्यात उडवला. पैसे घेणारी ज्याला विटते ते हे, आणि 'अवलंबन'ला ती धार नाही.

लेखणीबहाद्दर: आणि स्वावलंबन?

तळटीप: शब्द चोख आहे, पण 'सरकारविना एकटीने' असा अर्थ चिकटवू नका. १९०३मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला मॅगी वॉकर या कृष्णवर्णीय बाईंनी उघडलेली पेनी सेव्हिंग्ज बँक त्यांच्या परस्परसाहाय्य संघटनेच्या सभासदांच्या चिल्लर ठेवींवर उभी होती. त्याला आपण स्वावलंबनच म्हणू, पण ते सामूहिक. नागरी हक्क चळवळीतल्या फॅनी लू हेमर यांच्या मिसिसिपीतल्या सहकारी शेतीची 'पिग बँक' आली तर 'गल्ला' लिहू नका. तिथे खरी डुकरीण कुटुंबाला पाळायला मिळे, आणि तिची काही पिल्ले पुढच्या कुटुंबासाठी परत जात.