दूध तोडल्यापासून कालवडी वाढंनात, पोट तेवढं सुटलंय

कोरेगावचा गोठा
राम राम मंडळी. कोरेगाव तालुका, सात एचएफ क्रॉस (होल्स्टीन या जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या संकरित) गायी. यंदा पहिल्यांदाच कालवडी विकायच्या नाहीत असं ठरवून तीन ठेवल्यात, तिन्ही साडेपाच महिन्यांच्या आसपास. तिसरा महिना संपला तसं दूध बंद केलं, तोवर अशा तुकतुकीत होत्या की येणारा-जाणारा किंमत विचारायचा आणि आता बघवत नाय. केस राठ झालेत, पाठीचा कणा दिसतोय आणि पोट मात्र नगाऱ्यागत. खायला दोन्ही टाइम उसाचं वाढं (तोडलेल्या उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला), गायींच्या गव्हाणीत उरलेली कुट्टी आणि ओंजळभर गायींचीच गोळीपेंड. वडील म्हणतात कालवड हाय, गाभण गेली की आपोआप भरंल, उगं पैसा घालू नको. मला पटत नाय पण दूध न देणाऱ्या जनावरावर किती घालायचं हेपण कळत नाय. जंताचं औषध दोन महिन्यांपूर्वी दिलंय. चुकतंय कुठं?

वारणाकाठ
वडलांचं बरोबर हाय, फक्त ते खिलारला, म्हणजे आपल्या देशी जातीला बरोबर हाय. खिलार कालवड कडब्यावर आणि रानात फिरून वाढायची, तिला घाई नव्हती आणि दुधाचीपण तिच्याकडनं एवढी अपेक्षा नव्हती. एचएफला तो हिशोब लावला की तीन वर्षं झाली तरी माजावर येत नाय, मग आपण डॉक्टरला शिव्या घालतो.
आता वाढ्याचं. साखर कारखाने चालू झाले की ऊसतोड टोळ्यांकडनं स्वस्तात मिळतं म्हणून आपण सगळेच घालतो, पण त्यात प्रथिनं नावाला असतात. पाच महिन्यांच्या वासराचं पोट केवढं, ते वाढ्यानं गच्च भरतं, लवकर पचून पुढं सरकत नाय आणि वासरू अजून खाऊ शकत नाय. तुमचा नगारा तो हाच, पोट भरलेलं आणि अंग उपाशी. वरनं वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, ते हाडाला मिळत नाय. बंदच करा म्हणत नाय, पण मोठ्या गायींना घाला, तेपण चुन्याची निवळी मारून. कालवडींना वर्षाची होईपर्यंत तरी नको.
मी घरीच भरडा करतो. १०० किलोला मका ४२, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा कोंडा २२, तूरचुनी १३, मिनरल मिक्श्चर २, मीठ १. प्रथिनं १७-१८ टक्के बसतात. एकीला दिवसाला दीड किलो, दोन वेळा मिळून. सोबत हिरवी मका नायतर लसूणघास ५ किलो आणि कडबा कुट्टी खाईल तेवढी. शेंगदाणा पेंड घेताना फोडून वास घ्या, बुरशी असली तर फुकट दिली तरी आणू नका. आणि नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या, एकदम दीड किलो पुढ्यात टाकला तर हगवण लागंल आणि मला नावं ठेवाल.

टेपवाला, मिरज
वरचं सगळं बरोबर पण आधी वजन काढा राव. डोळ्यानं बघून "बरी हाय" म्हणण्यात माझ्या दोन कालवडी वाया गेल्या. काटा लागत नाय, शिंप्याची टेप बास. पुढच्या पायाच्या मागनं छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून मागं ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. दहा-पाच किलो इकडंतिकडं होतं पण दर महिन्याला एकाच माणसानं मोजलं की वाढतीय का नाय ते कळतं.
हिशोब असा धरा. तिसऱ्या महिन्याला ८० किलो, पंधराव्याला भरवायची (गाभण करायची) तर २७० च्या आसपास पाहिजे. म्हणजे ३६५ दिवसांत १९० किलो, रोजचे साधारण ५२० ग्रॅम. वयावर भरवू नका, वजनावर भरवा. बारकी असताना भरवली की विताना अडते आणि पुढं दूधपण कमी.

शिरवळ व्हेट कॉलेज
शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर म्हणून नाही तर पोरगा म्हणून सांगतो 🙂 गायींची गोळीपेंड सहा महिन्यांच्या आत देऊ नका, काही गोळ्यांत युरिया असतो आणि एवढ्या लहान वासराला तो झेपत नाही. सरकी पेंडपण या वयात नकोच. जंताचं औषध अंदाजानं सारखं देण्यापेक्षा तिघींचं ताजं शेण वेगवेगळ्या पिशवीत घालून दवाखान्यात तपासायला द्या, नाव लिहून. शेणात रक्त किंवा शेंबूड दिसतो का? दिसत असेल तर ते कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी, जंत नव्हेत) असू शकतं, त्याला जंताचं औषध चालतच नाही, औषध वेगळं.
आणि महत्त्वाचं, ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या सांसर्गिक रोगाची) लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात, आयुष्यात एकदाच. तुमच्याकडं अडीच महिने उरलेत. सरकारी कार्यक्रमातून मिळते. लस जिवंत असते, सुई आपल्याला टोचली तर माणसाला आजार होतो, त्यामुळं डॉक्टरांनाच टोचू द्या. लाळ्या खुरकूतची झाली नसंल तर तीपण विचारा.

माणदेशी
एक उलट अनुभव सांगतो, कारण इथं सगळे घाला घाला म्हणायलेत. आमच्याकडं टँकरचं पाणी, हिरवं कुठनं आणायचं, म्हणून मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवलेला आणि कालवडींना पोटभर सोडला. काय दिसायच्या म्हणून सांगू, अंगावर नुसती चरबी. पहिल्या वेताला कासच नाय, तिच्यात मांस भरलेलं. डॉक्टर म्हणले माजावर यायच्या आधी कालवड लठ्ठ झाली की दुधाच्या गाठींच्या जागी चरबी बसते, ती परत जात नाय.

वारणाकाठ
@माणदेशी मुरघासाचा दोष नाय, नुसत्या मुरघासाचा हाय. मक्याच्या मुरघासात पीठ जास्त, प्रथिनं कमी, जनावर उंच होत नाय, आडवं होतं. अर्धा मुरघास, अर्धा कडबा आणि वर पेंड असलेला भरडा, मग काय होत नाय.

कोरेगावचा गोठा
मोजलं. एक ४२ आणि ३८, म्हणजे १०१ किलो. दुसरी ३९ आणि ३६, ८३. तिसरी, कपाळावर चांद असलेली, ३७ आणि ३५, म्हणजे ७२!! दूध तोडलं तेव्हा यापेक्षा जास्त असणार हिचं वजन. गव्हाणीपाशी उभं राहून बघितलं तर मोठी डोक्यानं ढकलतीय आणि चांदी मागं उभी राहून दोरी चघळतीय. आम्ही दूध बंद करणं, शिंगं जाळणं आणि गायींच्या दावणीला नेऊन बांधणं एकाच आठवड्यात केलं होतं, तेव्हाच खचली असणार ती. शेण उद्या नेतो.

टेपवाला, मिरज
हिशोबानं या वयाला ११५-१२० पाहिजे, म्हणजे मोठीपण मागंच हाय. चांदीला वेगळं बांधा, समोर तिचं एकटीचं घमेलं. पाणी चोवीस तास.

कोरेगावचा गोठा
महिन्यानं लिहितोय. शेणात कॉक्सिडिया निघाला, फक्त चांदीच्या. औषध झालं, वाढं बंद, भरडा वारणावाल्या भाऊंच्या मापानं. आज चांदी ४० आणि ३६, ८७ किलो, पंधरा किलो वाढली. पोट अजून पुरतं आत गेलं नाय पण नवे केस यायला लागलेत, मानेवर हात फिरवला तर कळतं. टेप वडलांनी धरली होती, आकडा खरा वाटंना म्हणून परत एकदा मोजायला लावला. ब्रुसेलाची लस अजून राहिलीय, डॉक्टरांनी गावातली वासरं गोळा करून एका दिवशी टोचू म्हणून सांगितलंय, आतापर्यंत अकरा वासरं गोळा झालीत.